गिअरबॉक्सला चिकटलेला दुसरा डबा

प्रश्न : मी जुनी डस्टर घेतली आहे, डिझेल, चारही चाकांना जोर जाणारी. गाडी लाख किलोमीटरच्या पुढे गेली. शेत वडवळ नागनाथच्या बाजूला आहे. पावसाळ्यात काळ्या रानातून धुऱ्यापर्यंत हीच गाडी जाते, बाकी वेळ लातूर-नांदेड रस्त्यावर. आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्सचं तेल बदललं की झालं. दुसरा एक जण म्हणाला, त्याच्या बाजूला अजून एक डबा असतो, त्याचं तेल निराळं. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर आलं, ‘ते लाइफटाइम आहे, हात लावू नका.’ खरं कुणाचं मानायचं? आणि मी फोर व्हील फारसं लावतच नाही, मग तेल खराब होईलच कशाला?
– एक वाचक, चाकूर

उत्तर : दुसऱ्या मिस्त्रीचं खरं आहे. त्याला चहा पाजा आणि हे काम त्याच्याकडेच द्या.

तुमच्या गाडीचं इंजिन आडवं बसवलेलं आहे. अशा गाडीत गिअरबॉक्सची ताकद मुळात फक्त पुढच्या चाकांकडे जाते. ती मागच्या चाकांपर्यंत न्यायची तर आधी काटकोनात वळवावी लागते. ते काम गिअरबॉक्सला बोल्टांनी आवळलेला एक छोटा अ‍ॅल्युमिनियमचा डबा करतो. पुस्तकात त्याचं नाव पॉवर ट्रान्सफर युनिट, गॅरेजात नुसतं ‘ट्रान्सफर’ किंवा ‘पीटीयू’. आत एक क्राउन, एक पिनियन, काही बेअरिंगं आणि कडेला सील. पिनियनपासून निघालेला प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागच्या डिफरन्शलपर्यंत जातो. ही रचना तुमच्या एकट्याच्या गाडीची नाही. २०१४ मध्ये आपल्याकडे आलेल्या ऑलव्हीलड्राइव्ह डस्टरमध्ये ती आहे, रांजणगावला तयार होणाऱ्या जीप कंपासच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये आहे, आणि आपल्या मराठवाड्यात, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवल्या गेलेल्या स्कोडा यती, कोडियाक, फोक्सवॅगन टिग्वान यांच्या फोर बाय फोर मॉडेलांतही आहे. फरक तपशिलाचा.

या डब्यात तेल मावतं किती? बहुतेक गाड्यांत अर्धा ते एक लिटर. ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगमध्ये कॅनच्या कॅन रिकामे करणाऱ्या माणसाला हा आकडा थट्टेचा वाटेल, पण सगळी अडचण इथेच आहे. एकाच चुलीवर पातेलंभर पाणी ठेवा आणि वाटीभर ठेवा, आधी कोण उकळतं ते सांगायला नको. त्यात हा डबा इंजिनच्या मागे, सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाशेजारी बसवलेला. हवा लागत नाही, फिल्टर नाही, आणि तेल थंड करायची सोय क्वचितच. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तेल ऑक्सिजनशी जळण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा. मे महिन्यात चाकूरचा पारा चाळिशीपार असतो, म्हणजे डब्याची सुरुवातच गरम हवेपासून होते.

अमेरिकेत फोर्डच्या एज आणि एक्सप्लोरर या गाड्यांनी हा धडा मोठ्या प्रमाणावर दिला. तिथे या डब्यात तेल जेमतेम अर्धा लिटर आणि शेजारी एक्झॉस्टचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अनेक मालकांनी प्लग उघडला तेव्हा तेलाऐवजी डांबरासारखा राप निघाला. सुरुवातीच्या डब्यांना तेल काढायला खाली नटच नव्हता. ते बदलायचंच नाही, असं धरून बनवलेले ते. पुढे त्याच घराण्यातल्या काही गाड्यांना हा डबा थंड ठेवायची वेगळी सोय द्यावी लागली.

आता तुमच्या ‘मी फोर व्हील लावतच नाही’ या मुद्द्याकडे. इथे बहुतेक मालक फसतात. तुमच्या गाडीत मागच्या चाकांना जोर द्यायचा की नाही हे ठरवणारा क्लच मागच्या डिफरन्शलपाशी आहे, पुढच्या डब्यात नाही. म्हणजे बटण टू व्हीलवर असलं तरी पुढचा क्राउन-पिनियन आणि लांबलचक शाफ्ट फिरतच राहतात, फक्त शेवटाला कुणी त्यांचा जोर घेत नाही. बहुतेक रचनांत शाफ्ट चाकापेक्षा दोन-तीन पट वेगाने फिरतो. ताशी शंभरने अहमदपूरकडे निघालात की मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे पडतात, आणि ते सगळे त्या अर्ध्या लिटरात. कंपासची गोष्ट जरा वेगळी. तिच्यात गरज नसताना पुढचा डबाच सुटतो आणि शाफ्ट थांबतो, त्यामुळे तेलाला विसावा मिळतो. डस्टरला ही सवलत नाही.

सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलत नव्हते. कंपनीच्या वेळापत्रकात त्या तेलाची ओळच नसेल तर त्यांनी काय करावं? कंपनी गाडीचं जे आयुष्य गृहीत धरते, ते तेल तेवढं टिकतं असा तिचा हिशेब असतो. पण हा हिशेब पहिल्या मालकासाठी आणि डांबरी रस्त्यासाठी. तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक आहात, आणि काळ्या रानात गाडी घालता. माझं मत विचाराल तर रानातल्या वापराला ४० ते ५० हजार किलोमीटर, निव्वळ रस्त्यावरच्या वापराला ६० ते ८०. तुमचं एक लाख झालंय. आता वेळापत्रक बघत बसू नका.

तेल कुठलं? पहिला अधिकार गाडीच्या पुस्तकाचा, कारण मोजक्या गाड्यांना निराळंच तेल लागतं. पण बहुतेकांना लागतं ते जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, ७५डब्ल्यू-९० किंवा काही ठिकाणी ७५डब्ल्यू-१४०. इथे दुकानाच्या काउंटरवर नुसतं ‘९० नंबर द्या’ म्हणू नका. तसं म्हटल्यावर हातात येतं ते बऱ्याचदा जीएल-४ असतं. क्राउन-पिनियनचे दाते, विशेषतः पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली सरकवून बसवलेला असेल तर, नुसते घरंगळत नाहीत, एकमेकांवर घसरतात. अशा घसरत्या दाबाखाली साधं तेल बाजूला फेकलं जातं. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची जास्त भर असते, ती धातूवर एक पातळ थर बसवते आणि दाते वाचवते. डबा उघडल्यावर येणारा तो उग्र, नाक मुरडायला लावणारा वास या गंधकाचाच. पण हेच तेल मॅन्युअल गिअरबॉक्सला नेहमी चालत नाही. तिथल्या पितळी रिंगांना ही गंधकाची भर खाऊ शकते, म्हणून कित्येक गिअरबॉक्स जीएल-४ मागतात. दोन डबे एकमेकांना चिकटलेले, तरी तेल दोन. ‘दोन्हीकडे एकच टाकू’ म्हणणाऱ्याला हात जोडा.

‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा आकडा. ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांलाही वाहतं, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत. चाकूरच्या डिसेंबरात याचा उपयोग शून्य. तरीही मी ७५डब्ल्यूच घ्या म्हणतो, कारण आपल्या बाजारात मिळणारी ती तेलं बहुधा सिंथेटिक असतात, आणि सिंथेटिक तेल उन्हाळ्यातल्या उष्णतेत जास्त तग धरतं. एक लिटरचा एक डबा पुरतो. खर्च एवढाच.

काम अवघड नाही, पण ज्याने कधी गाडीखाली झोपून पाना धरलेला नाही त्याने घरी करू नये. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही. खड्डा असलेलं गॅरेज गाठा किंवा चारही बाजूंना घोड्या लावा. गाडी सपाट हवी, पुढून उचलली आणि मागून खाली राहिली तर तेलाची पातळी चुकते. आधी दहा मिनिटं गाडी फिरवून तेल कोमट करा, पण सायलेन्सर तापून लाल होईल इतकी नाही. तो हाताला लागूनच आहे.

आणि एक क्रम कधीही मोडू नका. आधी वरचा, तेल भरायचा प्लग सुटतो का ते पाहा. तो गंजून अडकलेला असतो, कधी मागच्याने वेडावाकडा आवळलेला असतो. तो न सुटताच खालचा नट काढलात तर सगळं तेल सांडलेलं आणि भरायला जागा नाही, अशी गाडी क्रेनवर लातूरला न्यावी लागते. खाली नटच नसेल तर वरच्या भोकातून मोठ्या पिचकारीने किंवा हातपंपाने तेल ओढून घ्यावं. त्यात थोडं आत राहतंच, म्हणून दोन-चार महिन्यांनी एकदा परत तेच करावं. नवं तेल भोकाच्या कडेपर्यंत भरा, ते थोडं बाहेर ओघळलं की थांबा. जास्त भरलं तर ते फेसाळतं आणि सीलवर दाब येतो. तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर नवेच घाला.

निघालेलं तेल मापात ओता. हे कुणीही करत नाही आणि यातच सगळी माहिती आहे. पुस्तकात समजा ६०० मिली लिहिलंय आणि निघाले ३००, तर कुठलं तरी सील गळतंय. खाली तेलाचे डाग दिसत नाहीत म्हणून बेफिकीर राहू नका, कारण ते गरम पाइपवर पडून जळून जातं, रस्त्यावर उरतो तो फक्त जळका वास. लिहिल्यापेक्षा जास्त आणि पातळ तेल निघालं तर गिअरबॉक्सचं तेल आतल्या सीलमधून या डब्यात उतरलंय. तेल दुधाळ असेल तर पाणी. नटाच्या लोहचुंबकावर राखाडी लेप असणं नॉर्मल आहे, पुसून टाका. पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर दाते किंवा बेअरिंग गेलंय आणि नवं तेल ते परत आणणार नाही. ताशी पन्नास-साठला घूं घूं आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बदलतो, तेव्हाही तेच समजा.

पाण्याचं मुद्दाम सांगतो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लातूर-नांदेडच्या पट्ट्यात ओढे-नाले कसे वाहिले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पुलावरच्या पाण्यातून गाडी काढताना गरम डबा एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या भोकातून किंवा जीर्ण सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्या पावसाळ्यात एकदाही चाकं अर्ध्याच्या वर बुडली असतील तर तेल आजच बघा. मागच्या डिफरन्शलचंही बघा.

काढलेलं तेल कुडाच्या खांबांना वाळवीसाठी चोपडायची आपल्याकडे पद्धत आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि विहिरीजवळच्या खांबाला तर अजिबात नको. गॅरेजवाल्याच्या पिंपात जाऊ द्या.

टायरबद्दल एकच. पंक्चरवाल्याने एकच नवा टायर टाकून दिला आणि तीन झिजलेले राहिले, तर चारही चाकांचे फेरे जुळत नाहीत. मग डबा, शाफ्ट आणि मागचा क्लच दिवसभर एकमेकांशी झगडत बसतात. टायर चारच्या चार बदला, निदान मापात फरक नको.

प्रश्न : माझ्याकडे थार आहे. वरचं सगळं मला लागू होतं का?
– एक वाचक, अहमदपूर

उत्तर : नाही, आणि हो. नाशिकला तयार होणाऱ्या तुमच्या थारमध्ये इंजिन उभं आहे आणि गिअरबॉक्सच्या मागे मोठी ट्रान्सफर केस आहे, ज्याचा दुसरा दांडा तुम्ही ओढता. ती वेगळी चीज. पण तिचं तेल वेगळं, पुढच्या डिफरन्शलचं वेगळं, मागच्याचं वेगळं. गिअरबॉक्स धरून चार ठिकाणं मोजून घ्या आणि सर्व्हिसच्या बिलावर चारही आहेत का ते वाचा. आणि फोर व्हीलचा दांडा चिखलातून बाहेर आलात की काढा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो तसाच ठेवून वळणं घेतली तर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत, सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरांवर बसतो आणि पुढे दांडा काढू म्हटलं तरी निघत नाही. तसा अडकलाच तर गाडी थोडी मागे घ्या. बहुतेक वेळा सुटतो.