कळतं सगळं, पण शब्द उमटत नाही

प्रश्न : आमचा मुलगा पाच वर्षांचा, मँचेस्टरमध्येच जन्मलेला. समजतं सगळं, पण एकच शब्द दर वेळी वेगळाच उमटतो. स्पीच थेरपिस्टनी ‘व्हर्बल डिस्प्रॅक्सिया’ सांगितलाय. घरात मराठी बंद करावी का?

उत्तर : मुळीच करू नका. दोन भाषांमुळे हे होत नाही. ओठ-जिभेत ताकद असते, पण बोलण्याच्या हालचालींचा क्रम आखताना मेंदूची गल्लत होते. म्हणून सराव थोडा, पण वारंवार हवा. लंडनमध्ये तयार झालेला नफील्ड कार्यक्रम सुट्या ध्वनींपासून शब्दांकडे नेतो. सिडनीची ‘रेस्ट’ पद्धत निरर्थक शब्द घोटून घेते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 4 ते 12 वर्षांच्या 26 मुलांना यांपैकी एकेक पद्धत आठवड्यातून चारदा, तीन आठवडे दिली. दोन्हींचा गुण आला. एनएचएसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे, इतक्या भेटी मिळणं अवघड, म्हणून घरचा सराव थेरपिस्टकडून नीट समजून घ्या, गरज वाटल्यास दुभाषी मागा. ‘पाणी’ म्हणताना त्याला तुमच्या ओठांकडे पाहू द्या, दोघं मिळून सावकाश म्हणा, मग हळूहळू तुमचा आवाज काढून घ्या. तहान लागली असेल तर मात्र आधी पाणी द्या, उच्चार नंतर. आणि फुंकर-शिट्टीच्या व्यायामांवर वेळ घालवू नका. बोलणं बोलूनच सुधारतं.