बांधणीची परीक्षा
(सॅक्सोफोनच्या लिगेचरवरून एक अभ्यासपाठ : गायनवर्ग, पंच आणि शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी)

वाचनासाठी : १ करिंथ १४:७-८, १ थेस्सलनीकाकर ५:२१.

पाठाचा हेतू : एखादी वस्तू चांगली की वाईट हे ऐकीव गोष्टींवरून न ठरविता, प्रामाणिक परीक्षेने कसे ठरवावे, हे एका लहानशा वस्तूच्या उदाहरणाने समजून घेणे.

प्रस्तावना

अळणावर हे गाव धारवाडच्या पश्चिमेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर, मलनाडाच्या उंबरठ्यावर वसले आहे. लोंढ्याहून धारवाड-हुबळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे जंक्शन. दांडेलीच्या बाजूचा फाटा येथूनच निघतो. अशा गावच्या मंडळीत उपासनेला पेटी आणि तबला बहुधा असतात. क्वचित एखाद्या तरुणाच्या हाती सॅक्सोफोनही येतो. आणि मग एके दिवशी प्रश्न उभा राहतो. गीताच्या मध्येच वाद्य चिरकते, मुले हसतात, वाजविणारा खजील होतो. तो म्हणतो, "दोष माझा नाही, लिगेचरचा आहे. नवे घेऊन द्या." पंचांपैकी एक म्हणतो, "त्याला वाजविताच येत नाही." दुसरा म्हणतो, "लहानशी पट्टी ती, तिला एवढे पैसे कशाला?"

यांपैकी कोण बरोबर? परीक्षा केल्यावाचून कोणासही सांगता येणार नाही. एकीकडे मंडळीचा पैसा आहे आणि दुसरीकडे एका तरुणाची उमेद आहे. दोन्ही सहज वाया घालविण्यासारख्या गोष्टी नव्हेत. म्हणून या विषयाचा आपण क्रमाने विचार करू.

१. लिगेचर म्हणजे काय?

सॅक्सोफोन हे वाद्य बेल्जममधील दिनां गावी १८१४ साली जन्मलेल्या आदोल्फ साक्स याने घडविले आणि १८४६ साली फ्रान्समध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी त्याचा आवाज वेताच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून निघतो. ही रीड बांबूच्याच कुळातील एका गवताची असते आणि तिच्यासाठी दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांताचे वेत नावाजलेले आहेत. रीड माउथपीसच्या सपाट भागावर ठेवतात. तिचे जाड टोक घट्ट बसलेले असते व पातळ टोक फुंकरीने थरथरते. रीड जागेवर धरून ठेवणारा जो पट्टा, तोच लिगेचर.

हा शब्द लॅटिन भाषेतील 'बांधणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तवाहिनी बांधण्याच्या दोऱ्यासही डॉक्टर हेच नाव देतात. पूर्वी क्लॅरिनेटची रीड दोऱ्यानेच गुंडाळून बांधीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इवान म्युलर या क्लॅरिनेटवादकाने स्क्रूचा धातूचा पट्टा प्रचारात आणला असे मानतात. तथापि जर्मन परंपरेचे कित्येक वादक आजही दोराच पसंत करतात. आपल्या सनईची पत्तीही दोऱ्याने बांधलेली असते हे वाचकांस ठाऊकच आहे.

येथे आपल्याच कर्नाटकातील एक उदाहरण आठवते. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ यांचे वडील नागस्वरम् वाजवीत. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकून गोपालनाथ त्याकडे ओढले गेले आणि ज्या वाद्यात गमक निघणार नाही असे वाटत असे, त्यावर त्यांनी कर्नाटक संगीत गाववून दाखविले. त्यांना २००४ साली पद्मश्री मिळाली आणि २०१९ साली त्यांचे निधन झाले. ही थोरवी वर्षानुवर्षांच्या साधनेने आली, कोण्या पट्ट्याने आली नाही, हे तरुण वादकांनी ध्यानात ठेवावे.

२. लिगेचरचे काम किती आणि कोणते?

त्याचे काम दुहेरी आहे. रीड हलू नये इतके तिला धरावे आणि तिचे थरथरणे दबू नये इतके मोकळे सोडावे. पट्टा फार सैल असला तर सूर लावताना रीड सरकते, कडेने हवा निसटते आणि आवाज फाटतो. फार आवळला तर रीड वाकते आणि माउथपीसवर नीट टेकत नाही. तेव्हाही आवाज कोंडतो किंवा चिरकतो. पुष्कळ नवशिके वादक पहिला दोष टाळण्याच्या भरात दुसऱ्यात पडतात.

बाजारात याचे अनेक प्रकार मिळतात. सर्वांत साधा म्हणजे दोन स्क्रूंचा पितळी पट्टा. काहींत स्क्रू रीडच्या बाजूस असतात तर काहींत उलट बाजूस. रोव्हनरसारखे पट्टे कातड्यासारख्या मऊ पदार्थाचे असून एका स्क्रूने आवळतात. व्हँडोरेनच्या ऑप्टिमम जातीत रीडवर टेकणाऱ्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या बदलून लावता येतात. धातूचा पट्टा आवाज उजळ करतो आणि मऊ पट्टा तो गोड करतो, असे वादक सांगतात. परंतु आवाज ठरविणाऱ्या गोष्टींत पहिला मान वादकाच्या श्वासाचा व ओठांचा, दुसरा माउथपीसचा, तिसरा रीडचा आणि त्यानंतर लिगेचरचा. हा क्रम उलटा धरला की पैसा जातो आणि चिरकणे मात्र राहते.

३. खरेदीपूर्वी काय तपासावे?

(अ) रीडचे टोक तुटले आहे काय? ते सुकून लाटांसारखे वाकडे झाले आहे काय? मलनाडाच्या पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून वाजवून झाल्यावर रीड पुसून सपाट काचेवर वाळवावी. ती माउथपीसवर तशीच सोडू नये.

(आ) रीड सरळ बसली आहे काय? तिचे टोक माउथपीसच्या टोकाशी केसभराच्या फरकाने जुळावे आणि दोन्ही कडा सारख्या असाव्यात. आधी लिगेचर सैल घालून मग रीड वरून सरकविली, तर टोक दुखावत नाही.

(इ) लिगेचर योग्य जागी आहे काय? ते रीडच्या सालीच्या जाड भागावर असावे, तासलेल्या भागावर चढू नये.

(ई) रीड नीट टेकते काय? ओल्या रीडसह माउथपीस हाती घ्या, त्याचे मागचे भोक तळव्याने बंद करा आणि पुढून हवा ओढून घ्या. ओढ क्षणभर टिकून 'टप्' असा आवाज होऊन सुटली, तर रीड चांगली टेकली आहे. ओढ मुळीच धरली नाही तर हवा कोठून तरी गळते आहे.

(उ) वाद्याच्या झडपांची गादी गळते काय? अंधाऱ्या खोलीत नळीच्या आत लहान दिवा सोडला तर बंद झडपेखालून उजेड दिसतो. तसे असेल तर कारागिराकडे जावे. नवे लिगेचर तेथे निरुपयोगी आहे.

आता बिनखर्चाची एक परीक्षा. बुटाच्या बारीक, न ताणणाऱ्या स्वच्छ नाडीने रीड माउथपीसला गुंडाळून बांधा. वेढे एकाशेजारी एक, सारख्या ताणाने द्या आणि शेवट आत खोचा. वाद्य वाजवून पाहा. नाडीनेही पूर्वीसारखेच चिरकले, तर दोष बहुधा लिगेचरचा नव्हे. नाडीने वाद्य सुधारले, तर तरुणाचे म्हणणे खरे असण्याचा पुष्कळ संभव आहे आणि पंचांनी ते मोकळेपणे मान्य करावे. स्क्रूचे आटे झिजले असतील, पट्टा वाकून एकाच कडेने टेकत असेल किंवा तो मापाचा नसेल, तर वादविवाद न करता तो बदलावा.

४. नवे कसे निवडावे?

प्रथम माप. आल्टोचे लिगेचर टेनरला चालत नाही. एबोनाइटच्या माउथपीसचे धातूच्या माउथपीसला बहुधा बसत नाही, कारण धातूचा माउथपीस बारीक असतो. म्हणून दुकानात जाताना आपला माउथपीस व रीड बरोबर न्यावी. अळणावरहून हुबळी वा बेळगाव गाठणे अवघड नाही. घरबसल्या मागविणार असाल, तर वस्तू परत घेतात की नाही हे आधी विचारावे. जे लावून पाहता येत नाही ते केवळ स्तुती वाचून घेऊ नये.

५. परीक्षा कशी घ्यावी?

परीक्षेचा मुख्य नियम एकच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वाद्य तेच, माउथपीस तोच, रीड तीच, खोली तीच. फक्त लिगेचर वेगळे. नव्या लिगेचरबरोबर नवी रीडही लावली, तर गुण कोणाचा हे कधीच कळणार नाही.

वाजवावयाच्या गोष्टीही ठरलेल्या असाव्यात. पहिली, मधल्या सप्तकातला एक लांब सूर, हळूपासून मोठ्यापर्यंत व परत हळूपर्यंत. दुसरी, अगदी खालचा सूर हलक्या फुंकरीने सुरू करणे. तिसरी, जिभेने तोडलेले सूर. चौथी, खालून वरच्या सप्तकात उडी. पाचवी, 'उपासना-संगीता'तील ओळखीचे एखादे संथ गीत, कारण वाद्य अखेर त्यासाठीच आहे.

आता ऐकणाऱ्यांनी पाठ फिरवून बसावे. एकाने जुने व नवे लिगेचर मनास येईल त्या क्रमाने दहा वेळा बदलून द्यावे आणि ऐकणाऱ्यांनी दर वेळी 'जुने' की 'नवे' हे कागदावर लिहावे. नाणे उडवून लिहिले तरी दहांपैकी पाचाच्या आसपास बरोबर येतातच. म्हणून पाच-सहा बरोबर आले, तर कानास फरक कळला असे म्हणता येत नाही. नऊ किंवा दहा बरोबर आले तर गोष्ट वेगळी, कारण केवळ नशिबाने तसे हजारांत सुमारे अकरा वेळाच घडते. दर बदलाच्या वेळी रीड पुन्हा नीट बसवावी, नाहीतर आपण लिगेचरची नव्हे, तर घाईची परीक्षा घेऊ.

वादकाचे मतही अवश्य विचारावे. ऐकणाऱ्यास फरक न कळला तरी वादकास फुंकर सोपी वाटत असेल, तर ते मोलाचे आहे. सोपे वाटले की सराव वाढतो. मात्र त्या सोयीसाठी किती रुपये वेचावेत हे मंडळीची ऐपत पाहून ठरवावे.

६. या पाठाचा बोध

करिंथकरांस लिहिताना पौलाने पावा, वीणा व कर्णा यांचे उदाहरण घेतले आहे. ज्या वाद्याचे सूर स्पष्ट निघत नाहीत, त्याचा ऐकणाऱ्यास उपयोग होत नाही, असा त्याचा आशय आहे. तेव्हा वाद्य स्पष्ट वाजावे ही इच्छा क्षुल्लक नाही आणि त्यासाठी योग्य खर्च करणे हा उधळेपणा नव्हे. दुसऱ्या वचनात सर्व गोष्टी पारखून चांगले धरून ठेवण्याचा बोध आहे. पारख प्रथम आणि धरणे नंतर, हा क्रम ध्यानात घ्यावा. तरुणाला न तपासता दोष देणे आणि पट्ट्याला न तपासता दोष देणे ही एकाच जातीची चूक आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आणखी एक गोष्ट घेता येईल. वर्गातील शिस्त लिगेचरासारखी असावी. ती इतकी सैल नसावी की मुले जागेवर राहणार नाहीत, आणि इतकी आवळलेली नसावी की त्यांचा आवाजच निघणार नाही. एखादा वर्ग बिघडला तर एकाच वेळी पुस्तक, जागा, वेळ व शिक्षक असे सारे बदलू नये. एक गोष्ट बदलावी, काही आठवडे पाहावे आणि मग पुढची हाती घ्यावी.

शिक्षकांस सूचना

शक्य असल्यास वर्गात माउथपीस, रीड व लिगेचर आणून दाखवावे. तोंडी घातलेली रीड एकाची दुसऱ्यास देऊ नये. माउथपीस कोमट पाण्याने धुवावा. फार गरम पाण्याने एबोनाइट खराब होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. परीक्षेत एका वेळी एकच गोष्ट का बदलावी? घरातील एक उदाहरण द्या.

२. ऐकणाऱ्यांनी पाठ फिरवून बसण्याचा उपयोग काय? नाव किंवा किंमत ठाऊक असल्याने आपला निर्णय कसा बदलतो?

३. परीक्षेत लिगेचर निर्दोष ठरले, तर त्या तरुणाशी पंचांनी कसे बोलावे, की त्याची उमेद टिकेल आणि सरावही वाढेल?

४. आपल्या मंडळीत पारख न करता दोष दिलेली एखादी गोष्ट आहे काय? तिची परीक्षा या महिन्यात कशी घेता येईल?