कर्करोगाची जनुके आणि संगणक

गालाच्या आतील कर्करोग झालेल्या एका रुग्णाच्या मुलाने विचारले, "डॉक्टर, आमच्या घराण्यात हा रोग कोणालाच नाही. मग जनुकांत बिघाड झाला, असे कसे म्हणतात?" हा प्रश्न अनेकांना पडतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने सूचनांचा एक ग्रंथ असतो. त्याची लिपी चार अक्षरांची, लांबी सुमारे 300 कोटी अक्षरे. तंबाखूतील रसायनांमुळे यातील अक्षरे बदलतात. हे बदल आईवडिलांकडून येत नाहीत. त्या जागेच्या पेशींत नंतर घडतात. म्हणून घराण्यात रोग नसला तरी कर्करोग होऊ शकतो.

हे बदल शोधण्यासाठी रुग्णाची गाठ व रक्त, दोन्हींतील डीएनए वाचतात. यंत्राकडून बहुधा शे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे मिळतात. ते जागच्या जागी बसवणे माणसाच्या आवाक्यातले नाही. ते काम संगणक करतो. जो बदल रक्तातही आहे तो सहसा जन्मजात, जो फक्त गाठीत आहे तो नंतरचा. पण त्यातील बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. म्हणून अनेक रुग्णांची तुलना करतात. एकच जनुक योगायोगापेक्षा अधिक वेळा बिघडलेले दिसले, की संशय त्याच्यावर जातो.

तंबाखू चघळणाऱ्यांत आढळणाऱ्या गाल व हिरडीच्या कर्करोगाचा असा अभ्यास आपल्याकडेच झाला. खारघरचे ॲक्ट्रेक व पश्चिम बंगालमधील कल्याणीची संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तो 2013 साली प्रसिद्ध केला. 50 रुग्णांची जनुके वाचून आणखी 60 जणांत पडताळणी केली. पेशींच्या वाढीवर पहारा ठेवणारे 'टीपी 53' हे जनुक बिघडलेल्यांत होतेच. शिवाय या जागेच्या कर्करोगाची खास अशी काही जनुकेही सापडली.

2016 सालच्या एका अभ्यासाने धूम्रपानाचा हिशेबच मांडला. रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढल्यास फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 बदल होतात, तोंडाच्या पेशीत 23.

झालेले बदल पुसणारे औषध नाही. मात्र तंबाखू, गुटखा, मिश्री सोडली की नवी भर थांबते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर त्वरित डॉक्टरांना दाखवा. जरूर वाटल्यास ते छोटासा तुकडा काढून तपासतील. निदानासाठी आजही हीच तपासणी खात्रीची आहे. ती टाळू नका.