वस्त्राचे जू कोणते व वस्त्राची मोकळीक कोणती?

(मंडळीतील शास्त्राभ्यासासाठी पाठ)

शास्त्रवाचन : १ शमुवेल १६:१–१३, लूक १५:११–२४, रोमकरांस १४, याकोब २:१–९.



आपल्या वर्धा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत सुवार्तेची सेवा करणाऱ्या उपदेशकास काही प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. एखादी बाई प्रभूवर विश्वास ठेवू लागली, तर तिने कुंकू पुसावे की ठेवावे? मंगळसूत्र काढावे काय? उपासनेच्या वेळी डोक्यावर पदर नसला तर चालेल काय? नवरा वारला असता तिच्या बांगड्या फोडू द्याव्या काय? कोणी म्हणतात, ही सर्व चिन्हे म्हणजे स्त्रीवरील जुलूम होय. दुसरे म्हणतात, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. ही दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. सूत तेच, लुगडे तेच. परंतु एकीच्या अंगावर ते बेडी होते व दुसरीच्या अंगावर भूषण. हा भेद कशाने पडतो, हे आज आपण पाहू.

१. आपल्या जिल्ह्यातील दोन उदाहरणे

वर्धा हा कापसाचा मुलूख. १९३६ साली गांधीजी शेगाव येथे राहावयास आले व पुढे त्या गावास सेवाग्राम हे नाव पडले. त्या काळी येथे वस्त्राचा विचार जितका झाला तितका क्वचितच कोठे झाला असेल. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज ह्या श्रीमंत मारवाडी घराण्यातील सून. घुंघट व सोन्याचे दागिने ही त्या घराण्याची प्रतिष्ठा. त्यांनी घुंघट सोडला, दागिने उतरविले व खादी पत्करली. पती जमनालालजी ह्यांचा ह्या कामी आग्रह होता हे खरे. तथापि पुढे त्या स्वतःच पडदा सोडण्याविषयी इतर स्त्रियांस सांगू लागल्या. ह्यावरून ते पाऊल त्यांचे स्वतःचे झाले होते हे दिसते.

दुसरे उदाहरण आपल्याच एका बंधूचे. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातील. लंडनला हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ विलायती पोशाख करीत. १९२९ साली गांधीजींची भेट झाल्यावर त्यांनी तो पोशाख टाकून खादी धरली. १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे चिटणीस होऊन ते वर्ध्यास मगनवाडीत काम करू लागले. पुढे तुरुंगात असता त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. कोट-पाटलोण गेली, परंतु ख्रिस्त गेला नाही. विलायती पोशाख म्हणजेच ख्रिस्तीपण असे ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२. वस्त्र जू केव्हा होते?

जेव्हा वस्त्राने मनुष्यास खाली बसविले जाते तेव्हा. त्रावणकोर संस्थानात नाडार जातीच्या स्त्रियांस छाती झाकण्याची मनाई होती. लंडन मिशनच्या मंडळ्यांतील ख्रिस्ती भगिनी अंग झाकू लागल्या, तेव्हा त्यांची वस्त्रे भर बाजारात फाडण्यात आली व उपासनामंदिरे जाळण्यात आली. १८५९ साली राजाने जाहीरनामा काढून अंग झाकण्याची परवानगी दिली. परंतु उच्च जातीच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेऊ नये, अशी अट त्यातही होतीच.

आपल्या महाराष्ट्रातही वस्त्रावरून जात ओळखली जात असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉक्टर आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या स्त्रियांस सांगितले की, गुडघ्यापर्यंतचे लुगडे व गळ्याहातांतील जड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या. तेथे जमलेल्या भगिनींनी लागलीच लुगडी घोट्यापर्यंत नेसण्यास आरंभ केला. आपल्या मंडळ्यांतील अनेकांच्या आज्या-पणज्यांनी ती खूण अंगावर वागविली होती. म्हणून कोणी म्हणेल की वस्त्र ही क्षुल्लक गोष्ट आहे, तर ते आपणास मान्य होण्याजोगे नाही.

३. विधवेचे वस्त्र

पतीच्या प्रेताजवळ बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे व जोडवी काढणे हे सर्व तिला न विचारता, तिच्या दुःखाच्या घटकेस केले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे असे सुचविले. नाईन गावच्या विधवेस पाहून प्रभूस कळवळा आला व त्याने तिरडीस हात लावला, हे आपण लूकच्या सातव्या अध्यायात वाचतो. जे काम प्रभूच्या मंडळीने पुढे होऊन करावयाचे, ते एका ग्रामपंचायतीने केले. ह्याबद्दल आनंद मानावा आणि थोडी लाजही वाटू द्यावी.

आता दुसरी बाजू पाहा. पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांस रंगीत वस्त्रे नेसण्यास कोण अडविणार होते? तरी त्या साध्या पांढऱ्या वस्त्रांतच राहिल्या. इंग्लंडातील भगिनींनी लॅटिन अक्षरांचा क्रूस घालण्यास सांगितले असता, जी भाषा मला व माझ्या देशभगिनींस कळत नाही ती का म्हणून, संस्कृत शब्द का नकोत, अशी हरकत त्यांनी घेतली. ज्या पांढऱ्या लुगड्याने हजारो विधवांस कोपऱ्यात बसविले, तेच नेसून रमाबाईंनी त्या विधवांसाठी शारदा सदन व मुक्ती सदन उभारले. भेद वस्त्रात नव्हता. ते कोणाच्या हुकुमाने अंगावर आले ह्यात होता.

४. राज्यसत्तेचा हुकूम

इराण देशात स्त्रियांनी डोके झाकावे अशी कायद्याने सक्ती करण्यात आली. त्याच कारणावरून अटकेत असलेली एक तरुणी सप्टेंबर २०२२ मध्ये मरण पावली व देशभर मोठा क्षोभ झाला. उलट फ्रान्स देशात २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत मुलींस डोके झाकण्यास मनाई झाली; मोठा क्रूस घालण्यासही झाली. एक सत्ता पदर घ्यावयास लावते, दुसरी काढावयास लावते. परंतु दोन्ही ठिकाणी त्या बाईस कोणी विचारले नाही. आपल्या शेजारच्या मुसलमान भगिनीविषयी बोलतानाही हे विसरू नये.

५. मंडळीने काय करावे?

तेव्हा कसोटी ही की, हे वस्त्र किंवा चिन्ह तिला भीतीवाचून काढता येते काय, आणि निंदेवाचून ठेवता येते काय? दोहोंस होय असे उत्तर आले, तर ती मोकळी आहे. एकासही नाही आले, तर तेथे जू आहे. मग ते जातीने घातलेले असो की मंडळीने.

समजा, एका गावी एक बाई विश्वास ठेवू लागली, पण तिचा नवरा अद्याप ठेवीत नाही. तिने कुंकू पुसले तर गाव म्हणेल, ही नवऱ्याचे मरण इच्छिते. तिच्या मनात कुंकू म्हणजे देवीची पूजा असेल, तर तिने प्रार्थना करून स्वतः निर्णय करावा. केवळ नवरा जिवंत असल्याची खूण असेल, तर उपदेशकाने तिच्या कपाळास हात लावू नये. यरुशलेमेत प्रेषितांनी परराष्ट्रीयांतून आलेल्या शिष्यांवर अधिक ओझे घातले नाही, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. पौलाने करिंथकरांस स्त्रियांनी मस्तक झाकण्याविषयी लिहिले, म्हणून कोणी भगिनी भक्तिभावाने पदर घेते ते चांगलेच. परंतु पदर घसरला म्हणून तिला उठविणे, अथवा फाटके लुगडे पाहून मागे बसविणे, हा याकोबाने निषेध केलेला पक्षपात होय.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाने उत्तम झगा मागविला खरा, पण केव्हा? पोरगा चिंध्यांत असतानाच बाप धावत गेला व त्याने त्याच्या गळ्यात मिठी मारली. झगा मागाहून आला. आपल्या मंडळीत हा क्रम उलटू देऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाच्या वस्त्रावरून कोणास कमी लेखले जाते काय?
२. आपल्या गावात विधवा झालेल्या भगिनीच्या बांगड्या फोडू नयेत म्हणून त्या दिवशी तिच्याजवळ कोण उभे राहील? नावे आजच ठरवावी.
३. मी जे घालतो ते देवासाठी, लोकांसाठी, की भीतीसाठी?

प्रार्थनेचा विषय : ज्या भगिनींस आपल्या अंगावरील वस्त्राविषयी बोलण्याची मोकळीक नाही त्यांच्यासाठी, आणि आपण कोणावर नवे जू ठेवू नये म्हणून आपल्यासाठी.