गटास दिलेले काम कोणाचे?



गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या बीटमधील एका चारशिक्षकी शाळेत, ऊसतोडणीस निघालेल्या कुटुंबांतील मुलांची शिक्षण हमी कार्डे भरावयाची होती. सूचना मीच भ्रमणध्वनीवरून शाळेच्या गटास धाडली. चौघांनी ती वाचली; दोघांनी तर 'होय' असे कळविले. टोळी निघून गेली तेव्हा एकही कार्ड भरलेले नव्हते. प्रत्येकाची समजूत प्रामाणिक होती की, दुसरा कोणी भरीत असेल. मी शिक्षकांस बोल लावला. पुढे विचार करता, उणीव माझ्या सूचनेतच होती असे दिसून आले.

कार्यालयातील काम संगणकावरून एका हातातून दुसऱ्या हाती नेणाऱ्या ज्या 'वर्कफ्लो' प्रणाली आहेत, त्या रचणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. ओएसिस या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या 'ह्यूमन टास्क' या विनिर्देशाची 2010 सालची आवृत्ती पाहिली, तर त्यांनी केलेला उलगडा ध्यानी येतो. तेथे कामाशी माणसाची जी नाती मानिली आहेत, त्यांतील दोन येथे महत्त्वाची आहेत. जो ते काम करण्यास पात्र आहे तो संभाव्य कर्ता, आणि ज्याने ते अंगावर घेतले तो प्रत्यक्ष कर्ता. संभाव्य कर्ते कितीही असू शकतात; प्रत्यक्ष कर्ता मात्र एकच.

काम गटास धाडले म्हणजे ते 'रेडी', अर्थात सिद्ध, या अवस्थेत राहते. गटातील सर्वांच्या यादीत ते दिसते. परंतु या घटकेस ते कोणाचेही नसते! एखाद्याने त्यावर 'क्लेम' केले, म्हणजे 'हे मी घेतो' असे नोंदविले की, ते 'रिझर्व्ह्ड', म्हणजे राखीव, होते व इतरांस त्यास हात लावता येत नाही. त्याने आरंभ केला की ते चालू, आणि शेवटी पूर्ण. पात्र व्यक्ती एकच असेल, तर काम प्रथमपासूनच तिच्या नावे राखीव होते. माझी सूचना 'सिद्ध' अवस्थेतच पडून राहिली होती. 'वाचले' किंवा 'होय' म्हणजे 'घेतले' नव्हे, हा भेद संगणकाने पाळला, मी पाळला नव्हता.

याहून मला महत्त्वाची वाटली ती मुदतीची व्यवस्था. त्या विनिर्देशात मुदती दोन आहेत, एक काम सुरू होण्याची व दुसरी पूर्ण होण्याची. पहिली टळली की वरिष्ठांस सूचना जाते, किंवा काम दुसऱ्याकडे सोपविले जाते. आपल्या परिपत्रकांत शेवटची तारीख तेवढी ठळक छापलेली असते. ती उजाडेपर्यंत काम कोणी हाती घेतले की नाही, हे कोणासच ठाऊक नसते.

सर्व प्रणाली एकाच वळणाच्या नाहीत. आसानामध्ये एका कामास एकच कर्ता नेमता येतो. ट्रेलोच्या एका कार्डावर अनेकांची नावे लावता येतात. माझा कल पहिलीकडे आहे. तथापि स्वतः काम उचलण्याच्या रीतीतही एक खोट आहेच. सोपी कामे पटापट उचलली जातात आणि किचकट तशीच उरतात. तेथे मुख्याध्यापकांनी नाव घालूनच काम द्यावे हे बरे.

यंदा मी कार्डांची सूचना धाडताना, दोन दिवसांत एकाने 'मी घेतले' असे नावानिशी कळवावे, अशी ओळ घातली. बहुतेक शाळांतून नावे आली. एका शाळेतील गुरुजी मात्र नाव देऊन आजारपणाच्या रजेवर गेले आणि काम त्यांच्या नावे अडकून पडले. अशा वेळेसाठी त्या विनिर्देशात 'रिलीज' आहे. घेतलेले काम सोडले की ते पुन्हा सर्वांच्या यादीत येते. ती ओळ माझ्या सूचनेत राहून गेली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी टोळी निघण्याच्या आदल्या रात्री ती कार्डे स्वतः बसून लिहिली.