किडीची ओळख: ऑनलाइन चर्चेतून अभ्यास

शेतकरी गटाच्या ऑनलाइन चर्चेत छायाचित्र येताच औषधाचे नाव सुचविले जाते आणि किडीचे निदान शिकणे तेथेच थांबते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी आधी प्रश्न मांडावा. उदाहरणार्थ, छिद्रे पडलेल्या मक्याच्या पानाचे छायाचित्र देऊन, हा खोडकिडा की भारतात २०१८ मध्ये प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी, असे विचारावे. उत्तरासोबत पुरावा देणे सर्वांना बंधनकारक असावे.

१. पानावर एका ओळीत छिद्रे: खोडकिड्याची शक्यता.
२. पांढरे खिडकीसारखे चट्टे, मोठी वेडीवाकडी छिद्रे, पोंग्यात भुशासारखी विष्ठा: लष्करी अळीची शक्यता.
३. खात्रीसाठी अळी पाहावी. लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी खूण, तर शेवटून दुसऱ्या वलयावर चौरसात चार काळे ठिपके असतात.

अभ्यासाच्या प्रश्नाचा निष्कर्ष दुसऱ्या दिवशी कारणांसह मांडावा. चुकलेल्या सदस्यास कमी लेखू नये. प्रत्यक्ष प्रादुर्भावाबाबत मात्र त्याच दिवशी सल्ला द्यावा. खोडकिडा खोडात शिरल्यावर किंवा मोठी अळी पोंग्यात विष्ठेआड दडल्यावर फवारणीचा परिणाम घटतो. वेळेवर झालेले अचूक निदान हेच या चर्चेचे फलित होय.