मोबाइलच्या व्हिडिओत मुंग्या आणि चौकोन का दिसतात?



संध्याकाळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाहिला की त्यात बारीक ठिपके वळवळताना दिसतात. त्यांना आपण मुंग्या म्हणतो. कधी कधी चित्राचे चौकोनी तुकडेही पडतात. पुष्कळांना वाटते, मोबाइल बिघडला. पण बहुतेक वेळा तसे नसते. मुंग्यांचे कारण वेगळे आणि चौकोनांचे कारण वेगळे. ते मी गुरुजींकडून समजून घेतले.

आधी मुंग्या पाहू. कॅमेऱ्याच्या काचेमागे सेन्सर असतो. बहुतेक फोनमध्ये तो करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. त्यावर उजेड गोळा करणारी लाखो घरे असतात. उजेड हा कणाकणांनी येतो. त्या कणांना फोटॉन म्हणतात.

एक प्रयोग करा. चौकटीच्या वहीच्या पानावर ज्वारीचे २० दाणे वरून टाका. एखाद्या चौकटीत दोन दाणे पडतात, शेजारच्या चौकटीत एकही नाही. उजेडाचे तसेच आहे. उजेड कमी असला की काही घरांत कण जास्त पडतात, काहींत कमी. भिंत एकाच रंगाची असली तरी चित्रात ठिपके उठतात. एका घरात सरासरी १०० कण पडत असतील, तर साधारण १० इकडेतिकडे होतात. म्हणजे शंभरात दहाचा फरक. पण १०,००० कण पडले तर साधारण १०० इकडेतिकडे होतात. म्हणजे शंभरात एकच! म्हणून उन्हात मुंग्या दिसत नाहीत.

शिवाय अंधारात फोन चित्र उजळ करण्यासाठी आलेला संदेश वाढवतो. देवळातल्या कर्ण्याचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसेच हे.

आता चौकोन. फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. एका सेकंदात अशी ३० चित्रे. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा रंग जसाच्या तसा लिहिला तर एका मिनिटाला सुमारे ११ जीबी जागा लागेल. ६४ जीबीचा फोन सहा मिनिटांच्या आत भरून जाईल! म्हणून फोन व्हिडिओ दाबून लहान करतो. मिनिटाचे शंभरएक एमबीच ठेवतो.

हे कसं करतो? तो चित्राचे चौकोन पाडतो. २००३ साली ठरलेल्या एच.२६४ या पद्धतीत १६ × १६ ठिपक्यांचा एक चौकोन असतो. चौकोन बदलला नसेल तर 'मागच्यासारखेच' एवढेच लिहून ठेवतो. बदलला असेल तर ठळक भाग ठेवतो आणि बारीक नक्षी गाळतो. ठळक आणि बारीक वेगळे करण्याचे गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केले. त्याचा आधार आजही घेतात.

पण लेझीम, पाऊस, उधळलेला गुलाल यांत सगळेच चौकोन सारखे बदलतात. मग ठरलेली जागा पुरत नाही. नक्षी फार गाळली जाते, शेजारचे चौकोन एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांच्या कडा दिसू लागतात.

गंमत म्हणजे मुंग्यांमुळे चौकोन वाढतात. मुंग्या प्रत्येक चित्रात जागा बदलतात. फोनला वाटते, काहीतरी हालते आहे! जागा त्यांच्यावरच खर्च होते आणि खरे चित्र मार खाते.

पालकांना याचा उपयोग आहे. डाळिंबाच्या पानावर तेल्या पडला म्हणून अंधारात व्हिडिओ काढून पाठवला, तर ठिपका रोगाचा की व्हिडिओचा हे पाहणाऱ्याला कसे कळणार? आजीच्या जात्यावरच्या ओव्या काळोख्या खोलीत टिपल्या, तर आवाज राहील, पण आजीचा चेहरा ओळखू येणार नाही.

म्हणून एवढे करा:

१. दिवसा, दाराशी किंवा अंगणात व्हिडिओ काढा. उजेड वस्तूवर पडू द्या.
२. झूम करण्यापेक्षा दोन पावले जवळ जा.
३. हात स्थिर ठेवा. हात हलला की सगळेच चौकोन बदलतात.
४. ॲपवरून पाठवताना व्हिडिओ पुन्हा दाबला जातो. उतरवून परत चढवला की आणखी एकदा. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे होते. महत्त्वाचा व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो.
५. मूळ व्हिडिओ पुसू नका.

गाळलेली नक्षी परत येत नाही. पिठाचे पुन्हा जोंधळे होत नाहीत. म्हणून आधी उजेड पाहा, मग बटण दाबा.

— इयत्ता चौथी